केस घेऊन सुपरव्हिजनला बसणं म्हणजे चुगली नव्हे

सलग तीन शनिवार माझी भाची आमच्या सुपरव्हिजनच्या बैठकीला आली नाही. सुपरव्हिजन म्हणजे समुपदेशकानं आपल्या केसेस अनुभवी माणसासमोर मांडून आपलं काम तपासून घेणं. बीड जिल्ह्यातल्या एका संस्थेत समुपदेशक म्हणून लागून तिला वर्षही झालेलं नाही. अंबाजोगाईकडच्या गावांत फिरते. कर्जानं बेजार झालेले शेतकरी, ऊसतोडीवरून परतलेल्या बाया, घरातला कर्ता गेलेली कुटुंबं. फोन केला तर म्हणाली, "आत्या, लोक विश्वासानं सांगतात गं. ते तुम्हा चौघींसमोर मांडायचं म्हणजे बेइमानीच की." मला कळलं, हे बोलणं तिचं नव्हे. मग तिनं तो मेसेज पाठवला. 'समुपदेशनाची ५ सत्यं'. महिनाभरात तो मला सात जणांकडून आला आहे, आता पोरीपर्यंत पोचला.

त्यात म्हटलंय: मन मायेचं असेल तर शिक्षण लागत नाही, गोव्यात साध्या माणसांनी डिप्रेशन बरं करून दाखवलं. तीन दिवसांचा कोर्स करा, शासनमान्य प्रमाणपत्र घ्या. एकाचं दुःख तिसऱ्याला सांगणं हा विश्वासघात. मरणाचा विषय आपण काढू नये, नसलेलं डोक्यात जातं. आणि खरा समुपदेशक थकत नाही. ज्याला स्वतःलाच आधार लागतो तो दुसऱ्याला काय देणार?

विश्वासघाताचं आधी घेते, कारण त्याच वाक्यानं माझी भाची घरी बसली.

सुपरव्हिजनला आम्ही नाव सांगत नाही, गाव सांगत नाही. खेड्यात 'दोन बोअर कोरडे गेले, थोरली पुण्याला दिली' एवढ्यावरूनही माणूस ओळखू येतो, म्हणून तेही बदलून सांगतो. आणि हे लपूनछपून होत नाही. पहिल्याच भेटीत समोरच्याला सांगायचं असतं की माझं काम नीट चाललंय का ते मी एका अनुभवी माणसाला विचारते, तुमचं नाव न घेता. चौदा वर्षं मी हे सांगत आले, नको म्हणणारे क्वचित भेटले. २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याचं कलम २३ गोपनीयतेचा हक्क देतं, आणि त्याच कलमात उपचारासाठी दुसऱ्या मानसिक आरोग्य व्यावसायिकाला माहिती देण्याची मुभाही आहे. जिवाला धोका असेल तेव्हाचीही आहे.

सुपरव्हिजनमध्ये होतं काय, तर प्रश्न विचारले जातात. तो रडायला लागल्यावर तू विषय का बदललास? पुढची भेट पंधरा दिवसांनी का ठेवलीस? फवारणीचं औषध घरात कुठं आहे, विचारलंस का? नवख्या माणसाला हे एकट्यानं सुचत नाही. मलाही सुचलं नव्हतं. माझ्या पहिल्या वर्षी एक बाई सहा वेळा आली आणि दर वेळी मी तिला नवऱ्याला समजून घ्यायला सांगत राहिले. सातव्यांदा आली नाही. माझ्या वरिष्ठ बाईंनी टिपणं वाचली आणि एवढंच विचारलं, "ती मार खाते, हे तुला कधी कळलं?" तिसऱ्या भेटीच्या टिपणात ते माझ्याच अक्षरात होतं. पहिल्या भेटीपासून कुणाला दाखवलं असतं, तर चौथ्या भेटीत मी 'नवऱ्याला समजून घे' म्हणाले नसते. ती बाई मला परत कधी भेटली नाही.

आता गोव्याचं. हो, ते खरं आहे. १० प्राथमिक आरोग्य केंद्रांत हा अभ्यास झाला, २०१७ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात छापून आला. ज्यांच्याकडे मानसशास्त्राची पदवी नव्हती अशा समुपदेशकांनी तीव्र नैराश्याच्या रुग्णांसोबत सहा ते आठ भेटी केल्या. तीन महिन्यांनी त्यातले ६४ टक्के नैराश्यातून बाहेर आले होते, नेहमीच्या उपचारावर राहिलेल्यांत ३९ टक्के. पदवीवाल्यांनीच हे काम करावं असं मीही म्हणत नाही. पण मेसेज लिहिणाऱ्यानं अर्धंच वाचलंय. त्या समुपदेशकांना आधी काही आठवडे शिकवलं, मग देखरेखीखाली काम करवून घेतलं, आणि पुढेही त्यांच्या भेटींची रेकॉर्डिंग्ज गटात ऐकून त्यांना गुण दिले जात, आठवड्याच्या आठवड्याला. म्हणजे मेसेज ज्याला विश्वासघात म्हणतो, त्याच्याच बळावर तो अभ्यास उभा आहे.

खरा समुपदेशक थकत नाही, हे वाचून मला माझे वडील आठवले. शिक्षक होते. ३० सप्टेंबर १९९३, गणपती विसर्जनानंतरची पहाट, किल्लारीचा भूकंप. ते ढिगारे उपसायला गेले. त्यांना कुणी मदत करणारा म्हटलं, कुणी देवमाणूस म्हटलं, पण तुम्ही झोपता का, हे कुणी विचारलं नाही. कित्येक वर्षं ते पहाटे चारच्या आधी उठून अंगणात बसायचे. ते दुबळे होते म्हणून नव्हे. दुसऱ्याचं दुःख रोज अंगावर घेतलं की ते अंगात मुरतंच. जागतिक आरोग्य संघटनेनं २०१९ मध्ये बर्नआउटची, म्हणजे कामानं पार थकून जाण्याची, व्याख्या केली ती कामाच्या जागी साचत गेलेल्या ताणातून, माणसाच्या स्वभावातून नाही. म्हणून संस्थांनीही 'स्वतःची काळजी घ्या' म्हणून हात झटकू नयेत. एका पोरीला दिवसाला आठ घरं द्यायची आणि वर तिला योगा सुचवायचा, हे मला मान्य नाही.

प्रमाणपत्राचं दोन ओळींत. क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट, म्हणजे मानसिक आजार तपासून उपचार करणारा मानसशास्त्रज्ञ, म्हणवायला भारतीय पुनर्वास परिषदेची नोंदणी लागते. 'समुपदेशक' ही पाटी मात्र वर्षानुवर्षं कुणीही लावली, २०२१ च्या संलग्न आरोग्य व्यवसायांच्या कायद्यानं आता कुठं समुपदेशकांची नोंद घेतली. तीन दिवसांत त्यातलं काहीही होत नाही.

मरणाचा विषय. विचारल्यानं तो विचार डोक्यात जातो, याला आधार नाही. डिप्रेशन तपासायच्या, जगभर वापरल्या जाणाऱ्या नऊ प्रश्नांतला नववा प्रश्न तोच आहे. न विचारणं ही आपली भीती असते. तुमच्याच घरात कुणी तसं बोलत असेल तर १४४१६ वर टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनला फोन लावा, मोफत आहे, मराठीत बोलता येतं.

परवाच्या शनिवारी भाची आली. एका शेतकऱ्याबद्दल सांगत होती, दुबार पेरणी, बँकेची नोटीस. मी विचारायच्या आधीच म्हणाली, "आत्या, विचारलं मी त्याला. आणि औषधाचा डबा आता त्याच्या चुलत्याच्या घरी आहे, कुलपात." मग बराच वेळ रडली. आम्ही चौघी तिच्यापाशी बसून राहिलो.