पदक मिळालेल्या पोलिसावर तक्रार होत नाही? साफ खोटं

बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्यात राहणाऱ्या माझ्या आत्याच्या धाकट्या मुलाला मध्यंतरी नाक्यावर एका पोलीस अधिकाऱ्यानं चारचौघांत मारलं. गाडीची कागदपत्रं पूर्ण होती. आत्यानं नातवाकडून वहीच्या पानावर मराठीत तक्रार लिहून घेतली, खाली सही केली आणि रेशनकार्डाच्या प्लास्टिक पिशवीत ती घडी करून ठेवून दिली. दिली मात्र कुणालाच नाही. का, म्हणून विचारलं तर तिनं मोबाइल पुढे केला. "हे बघ. त्या साहेबाला पदक मिळालंय. पदकवाल्यावर केस होत नाही म्हणे."

तोच मेसेज मला नंतर आणखी दोन ग्रुपवर दिसला. "सीमाभागातील मराठी माणसा, डोळे उघड" असं वर मोठ्या अक्षरांत, आणि खाली पाच गोष्टी: पदक मिळालेल्या पोलिसावर तक्रारच घेतली जात नाही, पदकाबरोबर दहा लाख रुपये आणि प्लॉट मिळतो, मराठी माणसांवर जितके गुन्हे दाखल तितकं पदक लवकर, पदकं पैसे देऊन मिळतात, आणि पदकासाठी पाठवलेली मराठी नावं बंगळूरलाच खोडली जातात. शेवटी नेहमीप्रमाणे "दहा जणांना पाठवा".

पहिल्या मुद्द्यावर मी सविस्तर लिहिणार आहे, कारण त्यामुळेच आत्याचा अर्ज घरात पडून राहिला. अशा किती घरांत किती अर्ज पडले असतील या विचारानं राग येतो.

केंद्राची पोलीस पदकं, शौर्याची आणि सेवेची, १९५१ पासून आहेत, आणि त्यांच्या नियमांतच पदक काढून घेण्याची तरतूद आहे. पदकधारक बेइमानीत, कर्तव्यावर भ्याडपणात किंवा दलाची बदनामी होईल अशा वर्तनात दोषी ठरला तर राष्ट्रपती ते पदक रद्द करू शकतात आणि नोंदवहीतून त्याचं नाव खोडलं जातं. ज्या सन्मानाच्या नियमांत तो हिसकावून घेण्याची वाट लिहून ठेवली आहे, तो सन्मान अंगावर असताना तक्रार होऊ शकत नाही, हे कसं शक्य आहे? तक्रार झाल्याशिवाय, चौकशी झाल्याशिवाय दोषी ठरणार तरी कसा?

प्रत्यक्षात असं घडलेलंही आहे. जम्मू-काश्मीर पोलिसांतला उपअधीक्षक (डीवायएसपी) दविंदर सिंग जानेवारी २०२० मध्ये दहशतवाद्यांना आपल्या गाडीतून नेताना पकडला गेला. त्याला २०१८ मध्ये राज्याचं शौर्य पदक मिळालं होतं. अटकेनंतर काही दिवसांतच ते काढून घेतलं आणि पुढे नोकरीवरूनही बडतर्फ केलं. त्या वेळी त्याला राष्ट्रपती पदक मिळालं होतं अशी अफवा देशभर फिरली आणि ते पदक राज्याचं होतं, हा खुलासा पोलिसांना करावा लागला. पदक छातीवर असूनही त्याला अटक झाली.

सेवा पदकासाठी नाव पाठवताना तर माणसाची कारकीर्द स्वच्छ आहे ना, खात्याची चौकशी चालू नाही ना, हे आधी तपासतात. म्हणून पदक मिळण्याआधी तक्रार नोंदली गेली तर ती शिफारसच अडवू शकते. तक्रार घरात दाबून ठेवणारा माणूस नकळत अशाच अधिकाऱ्याची वाट मोकळी करतो.

आता एक गोष्ट मान्य करायला हवी. सरकारी नोकराला कायद्याचं संरक्षण आहे. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या (जुन्या सीआरपीसीच्या जागी आलेल्या कायद्याच्या) कलम २१८ प्रमाणे, कर्तव्य बजावताना केलेल्या कृत्याबद्दल त्याच्यावर खटला चालवायला सरकारची पूर्वपरवानगी लागू शकते. मेसेज लिहिणाऱ्यानं कुठेतरी हेच अर्धवट ऐकलं असावं. पण हे संरक्षण पदक नसलेल्यालाही तितकंच आहे, आणि ते खटल्यापुरतं आहे. तक्रार द्यायला कुणाची परवानगी लागत नाही.

पोलीस ठाण्यात तक्रार घेत नसतील तर त्याच संहितेच्या कलम १७३ (४) प्रमाणे ती लेखी, पोस्टानं थेट जिल्ह्याच्या पोलीस अधीक्षकांकडे पाठवता येते. बेळगाव शहरात राहत असाल तर पोलीस आयुक्तांकडे. तिथेही काही झालं नाही तर मॅजिस्ट्रेटकडे अर्ज करता येतो. शिवाय पोलीस सुधारणांबाबतच्या सर्वोच्च न्यायालयाच्या २००६ च्या प्रकाश सिंह निकालानंतर कर्नाटकात पोलीस तक्रार प्राधिकरण झालं आहे, राज्य पातळीवर आणि जिल्हा पातळीवरही. रजिस्टर पोस्टाची पावती जपून ठेवा, तीच पुढे उपयोगी पडते.

"मराठीत लिहिलेलं कोण वाचणार?" हे आत्याचं दुसरं म्हणणं. राज्यघटनेचं कलम ३५० म्हणतं की गाऱ्हाण्याचा अर्ज संघराज्यात किंवा राज्यात वापरात असलेल्या कोणत्याही भाषेत कोणत्याही अधिकाऱ्याकडे देता येतो. बेळगाव जिल्ह्यात मराठी वापरात आहे की नाही, हे कुणी शिकवायची गरज नाही. तरी काम लवकर हलावं म्हणून सोबत कन्नड प्रत जोडावी असं मी सांगेन. आपला हक्क आपल्या जागी, पण टेबलामागे बसलेल्या माणसाला वाचता आलं तर अर्ज पुढे सरकतो.

दहा लाख आणि प्लॉट ही निव्वळ थाप आहे. शौर्य पदकाला नियमानं मासिक भत्ता आहे, एवढंच त्यातलं खरं. दीर्घ आणि उत्तम सेवेच्या पदकाबरोबर असा भत्ता येत नाही. येतं ते पदक, प्रमाणपत्र आणि गणवेशावर लावायची फीत.

गुन्ह्यांच्या संख्येवरून पदक, हा मुद्दा मात्र बोचतो, कारण त्यामागची जखम खरी आहे. १७ जानेवारी १९५६ आणि १ जून १९८६ या सीमालढ्यातल्या पोलीस गोळीबाराच्या तारखा आपल्याकडे घराघरांत माहीत आहेत. लाठी खाल्लेली माणसं अजून आपल्यात आहेत. म्हणूनच त्या जखमेवर कुणी खोटं पेरलेलं मला चालत नाही. शौर्य पदक जीव आणि मालमत्ता वाचवताना, गुन्हा रोखताना किंवा गुन्हेगार पकडताना दाखवलेल्या धाडसासाठी असतं. २०२४ च्या प्रजासत्ताक दिनाला देशभरात ११३२ जणांना पदकं जाहीर झाली. त्यांत शौर्याची २७७, आणि त्यांतली १३३ जम्मू-काश्मीर भागातली, ११९ नक्षलग्रस्त भागातली. उरली पंचवीस, ती बाकी सगळ्यांची मिळून. नाक्यावर किंवा मोर्चात किती जणांवर केस घातल्या, याचा रकाना त्या नियमांत कुठेच नाही.

पैसे देऊन पदक मिळतं, याला मेसेजमध्ये एकही पुरावा दिलेला नाही. त्यावर मी वेळ घालवत नाही.

राहिली मराठी नावं खोडण्याची गोष्ट. यात अर्धं सत्य आहे, आणि ते नाइलाजानं सांगतो. केंद्राच्या एका यादीत कर्नाटकातून साधारण वीसेक पोलीस असतात आणि दल आहे लाखभराच्या घरात. नावांपुढचे पत्ते वाचले तर बंगळूरचे जास्त दिसतात. जिल्ह्यातल्या हेड कॉन्स्टेबलची पाळी क्वचित येते, मग तो खानापूरचा असो, अथणीचा असो की कोलारचा. तक्रार करायचीच तर ही करा. २ एप्रिलला कर्नाटकाच्या पोलीस ध्वजदिनी मुख्यमंत्री पदकं देतात, तिथेही जिल्ह्यातल्या शिपायांचा वाटा वाढावा म्हणून आपल्या आमदाराकडे मागणी करा. पण पाटील, देसाई, कुलकर्णी ही आडनावं आपल्या जिल्ह्यात मराठी घरांतही आहेत आणि कन्नड घरांतही. मेसेज लिहिणाऱ्यानं यादीतलं कोणतं नाव कोणत्या भाषेचं हे कसं ओळखलं? आणि जे नाव यादीत आलंच नाही, ते खोडलेलं होतं हे त्याला कुणी सांगितलं?

या एका ओळीमुळे पोलीस भरतीची तयारी करणारी आमच्या गल्लीतली एक मुलगी पहाटेचं पळणं सोडून बसली आहे. तिला तिच्या वडिलांनीच हा मेसेज दाखवला. केंद्राची यादी दर वर्षी २५ जानेवारीला आणि १४ ऑगस्टला नाव, हुद्दा आणि पत्त्यासह जाहीर होते, कुणालाही मोबाइलवर वाचता येते. त्यांनी ती मुलीसोबत बसून वाचावी. त्या यादीत हेड कॉन्स्टेबलही सापडतील, फौजदारही सापडतील.