भरती होती की ओहोटी?

आमच्या गुहागरच्या आगरातल्या विहिरीचं पाणी यंदा एप्रिलातच मचूळ लागायला लागलं आणि भावकीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर जुंपली. एका पक्षाचं म्हणणं, पाऊसच बदलला. दुसरा पक्ष म्हणतो, पावसाच्या नावाने कशाला खडे फोडता, शेजारच्या होमस्टेंच्या बोअरवेली मोजा. मी ॲमस्टरडॅममध्ये नळाचं पाणी पीत हे वाचतोय. लांबून शहाणपण शिकवणं स्वस्त असतं, तरी लिहितो.

इथलं कौतुक सांगायचं नाहीये. या शहराला १८५३पासून समुद्रकाठच्या वाळूच्या टेकड्यांखालचं गोडं पाणी मिळू लागलं. यांनी ते इतकं उपसलं की खालचं खारं पाणी वर चढलं. शेवटी १९५७पासून ऱ्हाईनचं पाणी आणून त्याच वाळूत मुरवायची वेळ आली. गोडं पाणी खाऱ्यावर तरंगतं. समुद्रसपाटीच्या वर ते फूटभर असेल, तर खाली साधारण चाळीस फूट टिकतं. वरचं फूट कायमचं गेलं की हळूहळू खालचे चाळीसही जातात. गुहागरची पुळण काही वेगळ्या नियमाने चालत नाही.

मग भाऊबंदकीचा निकाल कसा लावायचा? विहिरीत टेप सोडून. पाऊस ओसरल्यावर ऑक्टोबरात पाणी कुठे आहे आणि मे अखेरीस कुठवर उतरलं, हे काही वर्षं लिहून ठेवायचं. ऑक्टोबरची पातळीच खाली खाली जात असेल, तर मुरणं कमी झालं असावं. ऑक्टोबरात विहीर नेहमीसारखी भरलेली आणि मेपर्यंत पूर्वीपेक्षा जास्त आटत असेल, तर आधी पंपांकडे बघा. सोबत क्षारांचा मीटर असला तर उत्तम. जिभेवर भांडण मिटत नाही. पाणाड्याच्या तळहातावरचा नारळही यातलं काही सांगत नाही, हे काकांना कोणी सांगावं!

नुसता पावसाचा आकडा फसवतो. तोच तीन हजार मिलिमीटर पाऊस चार महिने रिपरिपला तर मुरतो, मोजक्या दिवसांत कोसळला तर कातळावरून पऱ्याला लागून थेट समुद्रात. पुतण्याने उपग्रहाचा विषय काढला. गुरुत्वाकर्षण मोजणाऱ्या ग्रेस उपग्रहांनी २००२पासून जमिनीतल्या पाण्याचं वजन किती बदललं ते ताडलं खरं, पण त्यांची नजर शेकडो किलोमीटरच्या पट्ट्याची. सह्याद्री आणि समुद्र यांच्यात चेपलेलं आपलं कोकण त्यांना सुटं दिसत नाही, आमची विहीर तर सोडाच. राज्याची भूजल यंत्रणा निरीक्षण विहिरींची पातळी वर्षातून चारदा घेते. ते आकडे मोलाचे, पण त्यातली एकही विहीर आमच्या वाडीत नाही.

एवढं सगळं मी ग्रुपवर टाकलं. दोन दिवस शांतता. मग रविवारी दादाने दोरीला दगड बांधून मोजलं आणि भिंतीवरच्या कालनिर्णयवर लिहून फोटो पाठवला: कठड्यापासून साडेचौदा फूट. काठच्या विहिरीत भरतीबरोबर पाणीही थोडं हलतं, म्हणून विचारलं, तेव्हा भरती होती की ओहोटी?

ते लिहायचं राहिलं, म्हणाला. आणि पंप चालू होता.