‘फिल्मच तशी आहे’ म्हणे!

पांढरी भिंत पिवळी का? फिल्मच तशी आहे. आकाश हिरवट का? फिल्मच तशी आहे. सावल्या ठार काळ्या का? फिल्मच तशी आहे! कॅमेऱ्याचा रोल धुऊन स्कॅन करून देणाऱ्या लॅबचं हे उत्तर. पैसे आधी मोजून घेतले आणि फोनवर हे ऐकवलं. संताप संताप झालाय.

अहो, कशी आहे फिल्म? सांगा ना. हार्मन कंपनीची रंगीत निगेटिव्ह फिल्म फिनिक्स २००, बाजारात आली डिसेंबर २०२३ मध्ये. इल्फर्डच्या ब्लॅक अँड व्हाइट फिल्म जिथे बनतात, त्याच इंग्लंडमधल्या मोबर्लीच्या कारखान्यात बनलेली. कंपनीने पहिल्या दिवसापासून उघड सांगितलंय की प्रयोग आहे, कॉन्ट्रास्ट जास्त आहे, दाणा ठळक आहे आणि हिला नारिंगी मास्क, म्हणजे रंगीत निगेटिव्हवर एरवी असते ती नारिंगी छटा, नाही. लपवलेलं काहीच नाही. रोज रंगीत रोल धुणाऱ्या माणसाला हे एवढ्या काळात कळू नये?

बरं, वाचलं नसेल. पण डोळे? कोडॅक गोल्डची धुतलेली पट्टी उजेडात धरली की नारिंगी दिसते, ही फिकट जांभळट दिसते. दोन्ही पट्ट्या एकाच टेबलावर लटकत असताना फरक दिसला नाही? स्कॅनरचं ठरलेलं सेटिंग असं धरून चालतं की नारिंगी मास्कने निळा प्रकाश खाल्लाय, म्हणून ते निळा चॅनल वर ओढतं. इथे मास्कच नाही, निळं कोणी खाल्लंच नाही. तरी ओढलं. निगेटिव्हमध्ये निळं वाढलं की उलटवल्यावर चित्रात निळं घटतं, म्हणून भिंत पिवळी आणि आकाश हिरवट. हुमण खारट झालं की बटाटा घालतात. इथे मीठच पडलं नव्हतं आणि यांनी बटाटे घातले. आणि दोष फिल्मचा!

पण खरा संताप ब्रॅकेटिंगचा आहे, म्हणजे एकच दृश्य कमी-जास्त प्रकाश देऊन टिपण्याचा. नवीन फिल्मचा पहिला रोल हा चाचणीचा असतो. पहिल्या फ्रेममध्ये ग्रे कार्ड, रंग जुळवायचं राखाडी पुठ्ठ्याचं. मग पणजीतल्या फोंताईन्हास वस्तीतली एक निळी भिंत, खिडकीला पांढरी चौकट, समोरून ऊन. लेन्सचं छिद्र एफ/११ कायम, शटर १/२५०, १/५००, १/१००० सेकंद, म्हणजे फिल्मची संवेदनशीलता साधारण १००, २०० आणि ४०० आयएसओ धरून. हेच पुन्हा पणजीच्या चर्चच्या पांढऱ्या पायऱ्यांवर, हेच पुन्हा झाडाखालच्या सावलीत. या फिल्मला लॅटिट्यूड कमी, म्हणजे कमी-जास्त प्रकाश फारसा सोसत नाही. गोव्याच्या उन्हात पांढरा चुना आणि माडाखालची सावली एकाच फ्रेममध्ये आली की कुठलं तरी एक टोक जाणारच. कुठलं टोक किती स्टॉपवर (एक स्टॉप म्हणजे प्रकाश दुप्पट किंवा निम्मा) जातं, एवढंच तर बघायचं होतं.

पाकिटावर मोठ्या अक्षरांत लिहिलं होतं: ऑटो करेक्शन बंद, पूर्ण रोलला एकच सेटिंग, फ्लॅट टिफ, म्हणजे न सुधारलेली, न दाबलेली फाइल. आलं काय? एकेक फ्रेम वेगळी सुधारून, शार्पनिंग मारून केलेल्या दोन-दोन एमबीच्या जेपेग फाइली. तिन्ही एक्सपोजर एकसारखी उजळ! जास्त प्रकाशाची फ्रेम खाली ओढली, कमी प्रकाशाची वर ओढली, फरक पुसून टाकला. मग १०० वर लावायची की २०० वर, कसं कळणार? स्कॅनरने काय वाटेल ते ठरवलं आणि चाचणी मातीत गेली. आणि ते हॅलेशन, उजळ कडांभोवतीची ती झाक! या फिल्मची अँटी-हॅलेशन बाजू कमकुवत आहे. प्रकाश आरपार जाऊन मागून परततो आणि सगळ्यात खालच्या, लाल रंगाच्या थरावर आधी आदळतो. म्हणून लख्ख कडेभोवती तांबूस झाक येते, हे मान्य. ती झाक हलकी असते, सुंदर असते. शार्पनिंग आणि सॅच्युरेशनने तिची जाड लाल रेघ केली. पायऱ्यांचे सगळे कठडे लाल रेघांचे!

धुण्यात चूक असती तर वेगळी गोष्ट. सी-४१ या रंगीत निगेटिव्ह धुण्याच्या पद्धतीचा डेव्हलपर ३७.८ अंश सेल्सिअस, ३ मिनिटं १५ सेकंद. त्यात पाव अंशाचा घोळही चालत नाही, रंगांचे थर एकमेकांशी जुळेनासे होतात आणि ते स्कॅनमध्ये दुरुस्त होत नाही. पण फिल्मच्या कडेला छापलेले फ्रेम नंबर आणि अक्षरं स्वच्छ, पुरेशी गडद उमटली आहेत. म्हणजे धुणं ठीक आहे. भिंगाखाली बघितलं तर चर्चच्या भिंतीत गिलाव्याचा पोतसुद्धा आहे. निगेटिव्हमध्ये आहे, फाइलमध्ये नाही. आता बोला, फिल्म कशी आहे?

आणि त्या निगेटिव्हची दशा! चार-चार फ्रेमचे तुकडे, १७ नंबरच्या फ्रेममधून गेलेली कात्री, वर अंगठ्याचा ठसा. स्लीव्ह नाही, कागदात गुंडाळी. वर विचारतात, ‘निगेटिव्ह हव्यात का?’ हव्यात का म्हणजे? फोटो तोच आहे! जेपेग ही त्याची नक्कल आहे.

इथे आधीच कमी का हाल आहेत? फ्रीजमधून काढलेला रोल दोन-तीन तास डबीतच ठेवायचा, नाहीतर पावसाळ्यात आत दव धरतं. स्कूटरच्या डिकीत ठेवायचा नाही. लेन्सला बुरशी लागते ती वेगळीच. विमानतळावर हाताने तपासा म्हणून विनवायचं, कारण सामान तपासणाऱ्या सीटी स्कॅन मशीनमधून एकदा गेला तरी रोल धुरकटू शकतो. मग कुरिअरने परराज्यात धाडायचा आणि उन्हात तापलेल्या गाडीत तो किती वेळ पडला असेल याचा घोर. एवढं सगळं सांभाळून शेवटच्या टेबलावर माती खायची!

आणि हेच स्कॅन मोबाइलवर बघून लोक लिहितात, ‘नवीन फिल्म बकवास.’ दुसरे म्हणतात, ‘वा, काय व्हिंटेज लुक!’ दोघांनीही फिल्म बघितलेलीच नाही. कोणी नव्याने रंगीत फिल्म बनवायला धजावलं आणि तिची परीक्षा कोण घेतंय, तर ऑटोचं बटण!

कॅमेऱ्याने स्कॅन करा, दुसरा इलाज नाही. सीआरआय (रंग खरे दाखवण्याचा अंक) ९५च्या वरचा लाइट, मॅक्रो लेन्स एकास एक, एफ/८, रॉ. एक्सपोजर मॅन्युअल, सगळ्या फ्रेमना तेच. पट्टीच्या कोऱ्या कडेवर व्हाइट बॅलन्स घ्या, मग कर्व्ह उलटा, मग लाल-हिरवा-निळा प्रत्येक चॅनलची दोन्ही टोकं वेगळी लावा. चर्च पांढरं होतं, भिंत निळी होते आणि तिन्ही एक्सपोजर तीन वेगळी दिसतात. मात्र त्यासाठी निगेटिव्ह सपाट आणि सहा-सहाच्या पट्ट्यांत लागतात. त्या लॅबने रीस्कॅनचे वेगळे पैसे मागितले आहेत. एक रुपया देणार नाही.