नागपूरच्या उन्हाचा दोष नाही, थर्मोस्टॅटचाही नाही

“भाऊजी, थर्मोस्टॅट काढूनच टाकलं. काटा पहा न, अर्ध्याच्याही खाली चालून राहिला.”

मानेवाड्याहून मेहुण्याचा फोन, गाडीबद्दल. काटा म्हणजे इंजिनाच्या तापमानाचा. दर एप्रिलला आमच्याकडे फिरणारा तो मेसेज त्याने वाचला होता, आणि वाचून थांबला नव्हता. ज्यांच्या मोबाइलवर तो अजून पोचला नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात मजकूर असा: नागपुरात पारा ५६ पर्यंत गेलेला आहे, कंपन्यांच्या गाड्या थंड देशांच्या हिशेबाने बनलेल्या असतात, म्हणून गाडी तापू नये यासाठी उन्हाळ्यापुरतं थर्मोस्टॅट काढा, रेडिएटरचा पंखा स्विच लावून डायरेक्ट करा, महागडं कुलंट फेकून साधं पाणी भरा, बॉनेटच्या कब्ज्याखाली वायसर टाकून मागून फट ठेवा. पिकअप पाहिजे असेल तर कोन फिल्टर, पॅडलचा बॉक्स आणि अर्थिंगची जाड वायर. सगळं घरच्या घरी. कंपनीवाले हे सांगत नाहीत. दहा जणांना पाठवा.

५६ पासूनच सुरुवात करू. ३० मे २०२४ रोजी रामदासपेठेतल्या स्वयंचलित हवामान केंद्राने ५६ अंश दाखवले, हे खरं. सेन्सर बिघडला होता, हे हवामान खात्याने लगेच सांगितलं, हेही खरं. पहिली बातमी गावभर झाली, दुसरी कोणी पुढे पाठवली नाही. आपला खरा आकडा मे २०१३ चा, ४७.९. तोही काही कमी नाही. पण गाडी बनवणाऱ्यांना तो अनोळखी नाही. उष्ण हवेतल्या चाचण्या ते एसी चालू ठेवून, लोड टाकून, चढावर घेतात. आणि ते जाऊ द्या, तुमच्याच मॉडेलची टॅक्सी मे महिन्यात चंद्रपूर-नागपूर करत असते, थर्मोस्टॅटसकट. ती नाही तापत, तुमची तापते. मग फरक उन्हात कसा असेल?

हे जरा उलगडून सांगायला पाहिजे, कारण पुढचं सगळं यावर उभं आहे. रेडिएटर आतल्या पाण्याची उष्णता बाहेरच्या हवेला देतो, आणि किती देईल ते दोघांच्या तापमानातल्या फरकावर ठरतं. आतलं पाणी ९५ धरा. डिसेंबरच्या सकाळी बाहेर १५, फरक ८०. मेच्या दुपारी बाहेर ४६, फरक ४९. रेडिएटर तोच, पंखा तोच, पण काम साठ टक्क्यांवर आलं. कंपनीने हे धरूनच रेडिएटर मोठा दिलेला असतो. आता त्याची चौथाई धुळीने बुजली आहे असं समजा. डिसेंबरात कोणाला पत्ताही लागत नाही. मेमध्ये सिग्नलवर काटा चढतो आणि आपण उन्हाला शिव्या घालतो. उन्हाने फक्त चुगली केलेली असते.

आता थर्मोस्टॅट. पाण्याच्या वाटेवरचं ते एक दार आहे. आत मेणाची कुपी असते. मेण वितळून फुगलं की दांडा सरकतो आणि दार उघडतं. बहुतेक गाड्यांत ते ८२ ते ८८ च्या आसपास उघडायला लागतं आणि पुढच्या दहा-बारा अंशांत पुरतं उघडतं. म्हणजे काटा लालकडे निघतो तेव्हा हे दार आधीच सताड उघडं असतं. सताड उघडं दार चौकटीतून उखडल्याने घरात वारा वाढत नाही.

मग मेहुण्याचा काटा खाली का आला? तो रिंग रोडवर रात्री दहा वाजता ऐंशीने चालला होता. पळत्या गाडीत रेडिएटर गरजेपेक्षा जास्त थंड करतो; त्याला अडवायलाच थर्मोस्टॅट असतं. ते इंजिनाचं किमान तापमान सांभाळतं. कमाल तापमान सांभाळणं रेडिएटर आणि पंख्याचं काम. दुपारी दोन वाजता एसी लावून गर्दीत अडकल्यावर काटा पूर्वीइतकाच चढणार, आणि काही गाड्यांत जास्त. कारण काही थर्मोस्टॅटना मागे दुसरी चकती असते. पुढचं दार उघडलं की ती इंजिनातल्या इंजिनात फिरणारी बायपासची वाट बंद करते. थर्मोस्टॅट काढलं की ती वाट कायम उघडी राहते, आणि थोडं गरम पाणी रेडिएटर न पाहताच परत इंजिनात जातं.

आमच्या मिस्त्रीचाही थर्मोस्टॅट काढायला विरोध आहे, पण कारण चुकीचं: “पाणी जोरात फिरलं तर त्याले गार व्हायले टाइमच भेटत नाही.” तसं नसतं. पाणी जोरात फिरलं की एका फेरीत कमी गार होतं, पण फेऱ्या वाढतात. हिशेब तोट्याचा होत नाही. मिस्त्रीशी मी यावर वाद घालत नाही, कारण निष्कर्ष बरोबर आहे आणि माझी गाडी त्याच्याकडे असते.

थर्मोस्टॅट नसण्याचा खरा तोटा हळू कळतो. इंजिन थंड आहे असं समजून ईसीयू, म्हणजे इंजिनाचा कॉम्प्युटर, पेट्रोल जास्त देत राहतो, अॅव्हरेज पडतं, न जळलेलं पेट्रोल ऑइलमध्ये उतरतं. काही गाड्यांत इंजिनचा दिवा लागून स्कॅनरवर पी०१२८ हा कोड येतो. त्याचा अर्थच ‘कुलंट पाहिजे तितकं तापत नाही’. बीएस-६ डिझेलचं इंजिन पुरेसं तापलंच नाही तर धुराच्या फिल्टरमधली काजळी जाळायचं कामही रखडतं. आणि ‘उन्हाळ्यापुरतं’ काढलेलं थर्मोस्टॅट परत बसवतो कोण? याच नागपुरात डिसेंबर २०१८ मध्ये पारा ३.५ वर आला होता.

थर्मोस्टॅट खरंच अडकलं आहे का हे मात्र घरी तपासता येतं. मेहुण्याने ते फेकलं नव्हतं, डिकीत होतं. पातेल्यात पाणी घेतलं, थर्मोस्टॅट दोऱ्याने बांधून मध्ये लोंबकळतं सोडलं, शेजारी थर्मामीटर. त्यावर ८२ कोरलेलं होतं. ऐंशीपर्यंत काही नाही. त्र्याऐंशीला कडेला केसाएवढी फट दिसली. पाणी उकळायला लागेपर्यंत चकती चांगली आठ-नऊ मिलिमीटर उचलली गेली. पाण्याबाहेर काढून ओट्यावर ठेवलं तर दोन मिनिटांत आपोआप मिटलं. निर्दोष माणसाला तडीपार केलं होतं. (पातेलं जुनं घ्या. आमचं नवं होतं, आणि तो विषय घरात अजून संपलेला नाही.)

‘साधं पाणी भरा’ याला अर्धा मार्क द्यावा लागेल. नुसतं पाणी कुलंटच्या मिश्रणापेक्षा उष्णता चांगली वाहून नेतं. शंभर टक्के कुलंट ओतणारेही त्यामुळेच चुकतात. जास्त घट्ट म्हणजे जास्त गार, असं नाही. पण पाणी उकळतं लवकर. अर्धं कुलंट, अर्धं पाणी आणि १.१ बारपर्यंत दाब धरणारं रेडिएटरचं ढक्कन असेल तर उकळणं १२९ च्या आसपास जातं. त्याच ढक्कनाखाली नुसतं पाणी १२२ लाच उकळतं. ढक्कनाची स्प्रिंग मेली असेल तर त्याहून आधी. हे सात अंश कधी लागतात? हेडजवळच्या, म्हणजे इंजिनाच्या वरच्या भागातल्या, एखाद्या तापल्या कोपऱ्यात पाण्याची वाफ होते तेव्हा, कारण वाफ धातूला गार करत नाही. तिथूनच गॅस्केट उडण्याची गोष्ट सुरू होते.

दुसरं म्हणजे क्षार. नागपूरकराला हे समजवायची गरज नाही. बोअरच्या पाण्यावर चाललेल्या कूलरच्या ताट्या जूनपर्यंत कशा होतात ते सगळ्यांनी पाहिलं आहे. पांढऱ्या, कडक, बोटाने मोडतील अशा. कूलरच्या ताट्या दरवर्षी बदलता येतात. रेडिएटरच्या नळ्या आणि इंजिनाच्या आतली पोकळी नाही बदलता येत. आरओचं वाया जाणारं पाणी बादलीत धरून रेडिएटरमध्ये घालणारेही मी पाहिले, आणि त्यात तर क्षार आणखी घट्ट झालेले असतात. कुलंटमध्ये गंज रोखणारी रसायनं असतात, अॅल्युमिनियमच्या हेडला आणि पंपाच्या सीलला त्यांचीच गरज असते. रस्त्यात पाणी कमी पडलं तर जे मिळेल ते टाका, इंजिन गार झाल्यावर, हळू. पण नंतर ते काढून मॅन्युअलमध्ये सांगितलेलं कुलंट भरा.

पंखा डायरेक्ट करण्याने काय मिळतं? एसी चालू असेल तर बहुतेक गाड्यांत पंखा तसाही फिरत असतो. मे महिन्यात नागपुरात एसी बंद ठेवून गाडी कोण चालवतं? आणि गाडी साठच्या पुढे गेली की समोरून येणारी हवाच पुरते. म्हणजे ज्या वेळेला डायरेक्ट पंखा उपयोगी पडेल अशी वेळ जवळपास उरतच नाही, जोवर मूळचा पंखा, रिले किंवा सेन्सर बिघडलेला नाही. बिघडला असेल तर तो दुरुस्त करा. हा पंखा पंधरा-वीस अँपिअर ओढतो. त्याला हॉर्नच्या जाडीची वायर आणि डॅशबोर्डखाली पन्नास रुपयांचा स्विच, फ्यूज नाही, रिले नाही, वायर इंजिनाला टेकलेली. या एका मुद्द्यावर मी चिडतो. बाकीच्यांनी पैसे जातात, याने गाडी पेटते.

बॉनेटच्या वायसरचं लवकर संपवू. उभ्या गाडीत त्या फटीतून थोडी गरम हवा निघते, मान्य. पण धावत्या गाडीत समोरच्या काचेच्या पायथ्याशी हवेचा दाब जास्त असतो. तिथे फट ठेवली तर हवा बाहेर येण्याऐवजी आत घुसू पाहते, आणि रेडिएटरमधून येणाऱ्या हवेलाच अडवते. शिवाय केबिनची ताजी हवा तिथूनच आत घेतली जाते. इंजिनाचा वास नाकात पाहिजे असेल तर जरूर करा.

आता पिकअप. कोन फिल्टर, म्हणजे डब्याशिवायचा शंकूसारखा एअर फिल्टर, लावल्यावर गाडी ‘मोकळी’ वाटते याचं मोठं कारण म्हणजे आवाज. कंपनीच्या फिल्टरच्या डब्याचं तोंड पुढे जाळीजवळ असतं, बाहेरची हवा घ्यायला. कोन बसतो उघडा, तापलेल्या इंजिनाशेजारी. मी गाडीच्या ओबीडी सॉकेटला, म्हणजे स्कॅनर लावायच्या जागी, छोटा डोंगल लावून आत जाणाऱ्या हवेचं तापमान पाहत असतो. मूळ डब्यासकटही व्हरायटी चौकातल्या सिग्नलवर ते साठीच्या पुढे जातं आणि वर्धा रोडला लागलं की पन्नासवर येतं. उघड्या कोनाला तर इंजिनखान्याचीच हवा. ४५ अंशांची हवा आणि ७० अंशांची हवा यांच्या घनतेत सात टक्क्यांचा फरक आहे, म्हणजे तितका ऑक्सिजन कमी. पिकअप वाढवायला निघालात आणि हवाच पातळ केली. काही जण त्यावर उपाय म्हणून पाइप खाली बंपरमागे नेतात. २३ सप्टेंबर २०२३ च्या पहाटे अंबाझरी तलाव भरून वाहिला तेव्हा वस्त्यांत पाणी कुठवर चढलं होतं ते आठवा. इंजिनाने एकदा पाणी ओढलं की कनेक्टिंग रॉड वाकतो.

पॅडलचा बॉक्स हा फसवणूक नाही, फक्त त्याचा अर्थ वेगळा आहे. आजच्या गाडीत एक्सिलेटरला केबल नसते. पाय किती दाबला ते सेन्सर सांगतो आणि थ्रॉटल किती उघडायचं ते ईसीयू ठरवतो. बॉक्स मध्ये बसून वीस टक्के दाबलं की चाळीस सांगतो. पूर्ण दाबलं तर? शंभरचे शंभरच. इंजिनाची ताकद तिळभर वाढत नाही, टर्बोला लागणारा वेळही कमी होत नाही. फक्त पाय कमी हलवावा लागतो. सीताबर्डीच्या गर्दीत तेच गचके होऊन परत येतं. जुन्या केबलवाल्या गाडीत केबल ढिली असेल तर ताणून खरंच फरक पडतो. नव्या गाडीत थ्रॉटलवर काजळी बसली असेल तर ती साफ करून आयडल परत सेट केल्यावर पडतो.

अर्थिंगच्या जाड वायरचंही तसंच. मूळ वायर गंजली असेल तर ती घासून घट्ट करा. सेल्फ मारताना बॅटरीचा निगेटिव्ह आणि इंजिन यांच्यामध्ये मल्टीमीटर लावा. अर्ध्या व्होल्टच्या पुढे दाखवलं तर दोष आहे. पाव व्होल्टच्या आत असेल तर लाल-निळी वायर फक्त शोभेची.

मेहुण्याच्या गाडीचं मूळ दुखणं शोधायला आमचा एक रविवार गेला. मला आधी ढक्कनाचा संशय होता, नवं आणून लावलं, काही फरक नाही. मग पुढचा बंपर उतरवला. एसीचा कंडेन्सर बाहेरून बरा दिसत होता. तो दोन बोटं पुढे सरकवून मागे टॉर्च मारला, तर त्याच्या आणि रेडिएटरच्या मधल्या फटीत खालच्या अंगाला पूर्ण गोधडी बसली होती: सावरीच्या म्हाताऱ्या, पाखरांचे पंख आणि सिमेंट रोडची धूळ, सगळं दाबून एकजीव. बाहेरून पाणी मारून ते आणखी आत गेलं असतं. इंजिनाच्या बाजूने, पाइपाला बोट न लावता, साध्या धारेने धुतलं, कारण जोराच्या धारेने पातळ पत्र्या वाकतात. तासभर चिखल निघत होता. पंख्याचा हळू वेगही मेलेला निघाला; त्याचा रेझिस्टर जळला होता, म्हणून पंखा उशिरा, एकदम जोरातच लागायचा.

थर्मोस्टॅट नव्या रबर रिंगसकट परत बसवलं, कुलंट भरलं, हवा काढली. दुसऱ्या दिवशी दुपारी एसी लावून मेडिकल चौकात गर्दीत उभे राहिलो. डोंगल ९४ ते ९८ मध्ये खाली-वर होत राहिला. आधी तो १०८ ला जात होता.

पॅडलचा बॉक्स मात्र त्याने काढू दिला नाही. “राहू द्या न भाऊजी, पैसे मोजले त्याचे.”