रिकामी बाटली, पंचवीस रुपये

पाण्याची भरलेली बाटली वीस रुपयांना आणि तीच रिकामी पंचवीसला, हा हिशेब मला अजून पचलेला नाही. पाच रुपयांचं काही नाही. पाच रुपयांसाठी मी रिक्षावाल्याशीही भांडत नाही. (भांडतो, पण हरतो.) दुखतंय ते वेगळंच, ते ओघात येईल.

रात्री सव्वानऊला ताईच्या फोनवर शाळेचा निरोप आला. उद्या सकाळी आठला ‘टाकाऊतून टिकाऊ’ स्पर्धा, विज्ञानाचं एखादं तत्त्व दाखवणं आवश्यक, वस्तू फक्त टाकाऊ. भाची सातवीत. ताईने फोन माझ्याकडे सरकवला आणि भाजी फोडणीला टाकायला निघून गेली. घरात शोधलं तर कचराच नाही. सुका कचरा सकाळी गेलेला, रद्दी रविवारी गेलेली, बाटल्या कामाच्या मावशी नेतात. ज्या घरात जागेअभावी माणसंच आळीपाळीने बसतात तिथे रिकामी डबडी कोण सांभाळणार? मुंबईत खरा टाकाऊ माल हवा असेल तर धारावीच्या तेरा कंपाउंडला जावं, तिथे प्लास्टिक रंगांनुसार निवडून ठेवलेलं असतं. पण रात्री सव्वानऊला? मग स्टेशनबाहेरचं स्टेशनरीचं दुकान.

“शेठ, काही टाकाऊ मिळेल का?” हे विचारताना मलाच ओशाळं वाटलं. त्याला अजिबात नाही.

“कुठलं बोर्ड?”

“स्टेट.”

“मग एकशेऐंशीवालं घ्या. सीबीएसईला अडीचशेचं जातं.” त्याने वरून एक पाकीट काढलं. आत दोन कोऱ्या बाटल्या, कधीही आइसक्रीमच्या वाऱ्याला न गेलेल्या वीस आइसक्रीमच्या काड्या, चार रंगांची झाकणं आणि पुठ्ठ्याच्या तीन नळ्या, ज्यांच्यावर कधी काही गुंडाळलंच गेलं नव्हतं. वर ठळक अक्षरांत : वेस्ट मटेरियल.

“यात टाकाऊ काय आहे?”

“सगळंच. पाकीट फोडलं की टाकाऊ.”

“मला नुसती एक वापरलेली बाटली हवी आहे.”

“वापरलेली नाही ठेवत, शाळेत स्वच्छता बघतात. रिकामी देतो. पंचवीस.”

“अहो, समोर भरलेली वीसला आहे!”

“भरलेली कंपनीकडून येते. रिकामी आम्हाला करावी लागते.”

या उत्तरावर मी काय बोलणार होतो? बोलायच्या आधीच शेजारी एक आजोबा येऊन उभे राहिले. त्यांच्या हातात एक उघडलेला खोका आणि चेहऱ्यावर, नातवासमोर नापास झालेल्या माणसाचा भाव.

“ही तुमची मोटर फिरत नाही,” आजोबा म्हणाले.

शेठने खोक्याकडे पाहिलंही नाही. “हलते का?”

“हलते. पण नुसती डुलते. इकडून तिकडे.”

“डुलते म्हणजे चालू आहे.”

“खोक्यावर फिरते असं लिहिलंय.”

“ते चित्र आहे, आजोबा. चित्रात तर तो पोरगा पण हसतोय.”

इथे मी तोंड घातलं. नको होतं घालायला, पण ही मोटर म्हणजे माझी दुखरी नस आहे. टॉर्चचा मोठा दीड व्होल्टचा सेल, त्याच्या दोन टोकांना सायकलच्या ट्यूबच्या रुंद रबराने आवळलेल्या दोन सेफ्टीपिना, सेलच्या पाठीवर गोल चुंबक आणि पिनांच्या नेढ्यांत अडकवलेलं तांब्याच्या वाइंडिंग वायरचं वेटोळं. एवढीच मोटर. चोवीस गेजची साधारण सव्वा मीटर तार सेलभोवतीच दहा वेळा गुंडाळायची, दोन्ही टोकं समोरासमोर चार-चार सेंटिमीटर बाहेर ठेवायची, एका सरळ रेषेत. रेषा वाकडी झाली तर वेटोळं जड बाजूने खाली लटकतं आणि तिथेच बसतं. चुंबक जुन्या स्पीकरचा उत्तम. फ्रिजवर चिकटवायचं रबरी चुंबक नको, त्याचे उत्तर-दक्षिण ध्रुव पट्ट्यापट्ट्यांनी शेजारी असतात आणि त्याचा जोर काही मिलिमीटरांतच संपतो.

हे सगळं त्या किटमध्ये बरोबर होतं. चुकलं होतं ते नेहमी चुकतं तिथेच. या तारेवर पातळ वार्निशसारखा थर असतो. तो तांब्याच्याच रंगाचा दिसतो, म्हणून मुलांना वाटतं तार उघडीच आहे. तो खरवडायचा असतो, पण एक टोक पूर्ण गोल खरवडायचं आणि दुसरं फक्त अर्धं. वेटोळं उभं धरून वरची बाजू खरवडायची, खालची तशीच सोडायची. कारण असं की अर्धी फेरी झाली की चुंबकाचा रेटा उलट दिशेने लागायला लागतो. तेवढ्या अर्ध्या फेरीत वीज बंद पडली तर वेटोळं अंगातल्या वेगाने पुढे सरकतं आणि परत योग्य बाजूला येतं. दोन्ही टोकं गोल खरवडली की एकदा पुढे ढकल, एकदा मागे ओढ. म्हणजे डुलणं. किटवाल्याने दोन्ही टोकं पॉलिश पेपरने अशी चकाचक घासली होती की जणू दिवाळीच आहे.

“आता काय? घासलेलं परत कसं येणार?” आजोबा.

“नेलपॉलिश. एका टोकाच्या अर्ध्या बाजूला लावायचं, दहा मिनिटं वाळवायचं. वीज तिथून जात नाही.”

“नेलपॉलिश आहे,” शेठ म्हणाला. “चाळीस.”

आजोबांनी चाळीस दिले. मी दुकानाच्या काउंटरवर, पेनच्या रिफिली आणि ‘श्री’ छापलेल्या लग्नपाकिटांच्या मधे, गुलाबी नेलपॉलिश लावत बसलो. मागून एक बाई आल्या, त्यांनी माझ्याकडे पाहिलं, काही न बोलता ग्राफची वही घेऊन गेल्या. दहा मिनिटं मी फुंकर मारत होतो. मग वेटोळं ठेवलं, बोटाने हलकी टिचकी दिली (टिचकी लागतेच, पहिला धक्का मोटर स्वतःला देत नाही) आणि मोटर फिरली. भिरभिर. आजोबा इतके हसले की त्यांची कवळी हलली. मी सांगितलं, एका वेळी मिनिटभरच चालवा, एरवी वेटोळं काढून ठेवा. मीटरभर तांब्याला विरोध जवळजवळ नसतोच, त्यामुळे सेल तापतो आणि लवकर बसतो.

शेठही काउंटरवर ओणवा होऊन बघत होता. मला वाटलं, आता म्हणेल, घेऊन जा साहेब, बाटलीचे राहू द्या. तो म्हणाला, “पंचवीस झाले.”

हे ते दुखणं.

वाट चुकून थोडं सांगतो, कारण हा नुसता एका शेठचा दोष नाही. मुलांच्या प्रयोगांमधला टाकाऊ मालच टाकाऊ झाला आहे. टाकाऊतून खेळणी करणाऱ्या अरविंद गुप्तांनी (आयआयटी कानपूर, पुढे पुण्याला आयुका या खगोलशास्त्राच्या संस्थेच्या मुलांच्या विज्ञानकेंद्रात अनेक वर्षं, २०१८ साली पद्मश्री) सायकलच्या व्हॉल्व्ह ट्यूबचे बोटभर तुकडे आणि गूल काढलेल्या आगकाड्या यांच्यातून अख्खी भूमिती उभी केली. त्रिकोण हलत नाही, चौकोन लगेच वाकडा होतो, हे एका काडेपेटीत कळतं. आता माझ्या स्टेशनाजवळ सायकल दुरुस्तीवाला शोधून दाखवा. फिल्म रोलच्या डबीचा झकास हातपंप होतो, पण ती डबी आताच्या मुलांनी पाहिलेलीसुद्धा नाही. प्लास्टिकच्या स्ट्रॉ आणि सजावटीचं थर्माकोल १ जुलै २०२२ पासून देशभर बंद. ते चांगलंच झालं, पण कागदी स्ट्रॉ पाण्यात पाच मिनिटांत मान टाकते, आणि प्रयोगाच्या पुस्तकांत अजून तोच जुना कचरा छापून येतो. वाइंडिंग वायर मात्र मिळते. लोहार चाळीच्या विजेच्या बाजारात नवी मिळेलच, पण कुठल्याही मोटार वाइंडिंगच्या दुकानात खाली पडलेले तुकडे मागितले तर माणूस चहासुद्धा पाजतो. स्टेशनरीवाल्याने पाजल्याचं ऐकिवात नाही.

असो. घरी साडेदहा. हाताशी एक बाटली. तीन भोकांचा प्रयोग करायचं ठरलं : बाटलीला तीन उंचींवर भोकं, आत पाणी, आणि कुठली धार किती लांब जाते ते बघायचं.

हा फार सोपा वाटतो आणि सगळे तो बिघडवतात. भोक थंड सुईने पाडू नये. प्लास्टिक आत दबतं, फाटून चीर पडते आणि धार न येता पंख्यासारखा फवारा उडतो. डाभण पक्कडीत धरून गॅसवर तापवायची (हे काम मोठ्यांनी), आणि एकाच डाभणीने, साधारण तीन मिलिमीटरची, तिन्ही भोकं पाडायची. एकाखाली एक नको, जरा तिरकी पाडावीत, नाहीतर वरची धार खालचीला येऊन मिळते. बाटलीचं बूड सपाट हवं. पाणी २० सेंटिमीटर उंचीपर्यंत. भोकं टेबलापासून ४, १० आणि १६ सेंटिमीटरवर. तिन्हींवर बाहेरून एकच सेलोटेपची पट्टी, टोक दुमडून ठेवलेलं, म्हणजे एका झटक्यात निघते. बाटली कोरडी असतानाच लावायची, ओल्यावर चिकटत नाही. झाकण उघडं. वरून तांब्याने पाणी ओतत राहायचं, नाहीतर पातळी उतरली की सगळी मापं बदलतात. खाली वर्तमानपत्र पसरलं की पहिला थेंब कुठे पडला ते डागावरून मोजता येतं.

आता गंमत. कुठली धार सर्वांत लांब जाते? सगळे म्हणतात खालची. बऱ्याच तक्त्यांवर तसंच चित्र असतं : सगळ्यात खालची धार लांब, मधली कमी, वरची पायाशी. पाणी तसं करत नाही. खालच्या भोकातून पाणी सर्वांत जोरात येतं हे खरं, पण टेबल अवघं ४ सेंटिमीटरवर. धावत गाडी पकडून पुढच्याच स्टेशनला उतरणाऱ्या माणसासारखं त्याचं होतं. वरच्या धारेला पडायला वेळ भरपूर, पण अंगात जोर नाही. लांब जाते मधली. टॉरिचेली या इटालियन शास्त्रज्ञाने सतराव्या शतकात दिलेल्या नियमाने हिशेब केला तर मधली २० सेंटिमीटर, आणि वरची व खालची दोन्ही सारख्याच, १६. मोरीत मोजलं तेव्हा भोकाच्या कडांमुळे सगळं थोडं थोडं कमी भरलं, पण क्रम तोच. भाचीने तीनदा मोजलं, मग नाचली. “मामा, पुस्तक चुकलं!” रात्री साडेअकराला सातवीतल्या मुलीच्या तोंडून हे वाक्य ऐकायला मिळालं तर पंचवीस रुपयांचं दुःख जरा कमी होतं.

चित्रासारखं दिसायला हवं असेल तर बाटली ४५ सेंटिमीटर उंच स्टुलावर ठेवायची आणि पाणी जमिनीवर पडू द्यायचं. मग खालच्या धारेलाही पडायला जागा मिळते : खालची ५६, मधली ४७, वरची ३१. बाटली तीच, भोकं तीच. हे मी तिला सांगितलं होतं. ती म्हणाली, “नको, टेबलावरच ठेवू. तीच तर मजा आहे.”

सकाळी परीक्षकांनी पाण्याकडे पाहिलं, मग तक्त्याकडे पाहिलं, आणि पाण्याचं चुकलं असा निकाल दिला. “बेटा, खालची धार लांब जायला हवी. भोकं नीट पाड.” तिने कागदावरचे डाग दाखवले. मोजपट्टी दाखवली. तोवर ते पुढच्या टेबलापाशी, ज्वालामुखीजवळ गेले होते.

पहिलं बक्षीस ज्वालामुखीला. चालायचंच. पण त्या ज्वालामुखीत विज्ञान किती? दोन चमचे खायचा सोडा, अर्धा कप व्हिनेगर, थोडा लाल रंग, फेसासाठी भांड्यांचा साबण. कार्बन डायऑक्साइडचे बुडबुडे, बस. यापेक्षा ढोकळ्यात जास्त विज्ञान आहे, आणि शिवाय तो खाता येतो. खऱ्या ज्वालामुखीत आम्ल आणि सोडा भेटत नाहीत. तिथे शिलारसात विरघळलेली वाफ आणि वायू दाब कमी झाल्यावर बाहेर फुटतात. सोड्याची बाटली हलवून उघडली तर ते त्याच्या जास्त जवळचं, आणि खर्च तेवढाच. मुंबईतल्या मुलांना ज्वालामुखी दाखवायचा तर अंधेरीला गिल्बर्ट हिल आहेच. ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वीचा बेसाल्टचा साठेक मीटर उंच काळा कडा, चारही बाजूंनी इमारतींनी घेरलेला. या शहराच्या पायाखाली गोठलेला लाव्हा आहे, आणि आपण रंगवलेल्या पुठ्ठ्यातून गुलाबी फेस काढून टाळ्या वाजवतो. त्या बक्षीसवाल्या ज्वालामुखीच्या तळाशी मला एक ओळखीचं स्टिकर दिसलं. किंमत खरवडलेली होती, पण अर्धवट. मोटरच्या तारेवर हेच जमलं असतं तर!

संध्याकाळी दुकानावरून जाताना थांबायचं नाही असं ठरवलं होतं. थांबलो. मोटरच्या किटवर नवी चिठ्ठी होती : ‘फिरणारी. नेलपॉलिशसह.’ किंमत साठ रुपयांनी वाढलेली.

“बाटलीचं काय झालं?” शेठने विचारलं.

सांगितलं. तक्ता, टेबल, स्टूल, सगळं. तो लक्ष देऊन ऐकत होता. परीक्षकांपेक्षा जास्त, हे कबूल करावं लागेल.

“म्हणजे खाली स्टूल असतं तर नंबर आला असता?”

“आला असता.”

तो आत गेला. आतून काहीतरी सरकवल्याचा आवाज आला. बाहेर आला तेव्हा हातात लाल प्लास्टिकचं स्टूल होतं, एका पायाला तडा गेलेला, कडेला चहाचे डाग.

“हे टाकाऊ आहे,” तो म्हणाला. “खरंखुरं. एकशेवीस.”