व्हीएमवर थ्रीडी चालतं, दिवसभर चालतं

गेले काही आठवडे एक मेसेज इंजिनियरिंगच्या मुलांमध्ये, ॲनिमेशनवाल्यांमध्ये आणि आमच्यासारख्या सर्व्हर सांभाळणाऱ्यांमध्ये फिरतोय. ‘लिनक्स व्हीएमवर रिमोट ग्राफिक्स : वेळ घालवू नका’ असा मथळा आणि खाली सहा मुद्दे. व्हीएम म्हणजे व्हर्च्युअल मशीन, मोठ्या सर्व्हरच्या आत सॉफ्टवेअरने उभा केलेला संगणक; रिमोट ग्राफिक्स म्हणजे त्याची स्क्रीन नेटवरून आपल्याकडे बघणं. मेसेज म्हणतो: व्हीएममध्ये ग्राफिक्स कार्ड नसतंच, त्यामुळे थ्रीडी चालणार नाही. अडकत असेल तर नेटचा प्लॅन वाढवा. किरकोळ कामाला एसएसएच या सुरक्षित जोडणीचं एक्स फॉरवर्डिंग, म्हणजे तिथल्या प्रोग्रामची खिडकी आपल्या स्क्रीनवर आणणं, पुरतं. काळी स्क्रीन आली की वेलँड (लिनक्सवर स्क्रीन दाखवणारी नवी पद्धत; जुनी ती एक्स) बंद करा. तरी जमलं नाही तर फायरवॉल काढा आणि परवानग्या सगळ्यांना खुल्या करा. शेवटी सगळं पुसून पुन्हा टाका, नाहीतर सरळ गेमिंग लॅपटॉप घ्या.

मी अकरा वर्षं अंधेरीत हेच काम करते. एरवी असा मेसेज वाचून सोडून दिला असता, पण मागच्या महिन्यात कल्याणच्या एका मुलाचा फोन आला. स्ट्रक्चरल इंजिनियरिंगचं एम.टेक. करतो, त्याला कॉलेजकडून उबुंटूची (लिनक्सचाच एक प्रकार) रिमोट व्हीएम मिळाली आहे. “ताई, मॉडेल फिरवताच येत नाही. मेसेज आलाय की व्हीएमवर ते होतच नसतं. बाबा पतपेढीतून कर्ज काढतायत, शनिवारी लॅमिंग्टन रोडला लॅपटॉप बघायला जाणार आहोत.” मी म्हटलं, शनिवार अजून लांब आहे, आज रात्री जेवण झाल्यावर मला तुझी स्क्रीन दाखव.

पहिला मुद्दा त्याच्याच मशीनवरून घेते. व्हीएमला कार्ड मिळण्याचे तीन रस्ते आहेत. होस्टमधलं (व्हीएम ज्यावर चालते तो खरा सर्व्हर) खरं कार्ड अख्खं एका व्हीएमच्या हवाली करता येतं. त्याला पासथ्रू म्हणतात आणि त्यासाठी होस्टवर आयओएमएमयू (कार्डाला त्या व्हीएमच्याच मेमरीपुरतं ठेवणारी हार्डवेअरची सोय) चालू असावं लागतं. एकच कार्ड अनेक व्हीएममध्ये वाटता येतं, तो व्हीजीपीयू. किंवा व्हर्टिओ-जीपीयू वापरून व्हीएममधले ओपनजीएलचे (थ्रीडी चित्र काढण्याच्या ठरलेल्या पद्धतीचे) हुकूम होस्टच्या कार्डाकडे पाठवता येतात. यातलं काहीच नसलं तरी चित्र उमटतं, कारण मेसा या लिनक्सच्या ग्राफिक्स संचातला एलएलव्हीएमपाइप तेच काम सीपीयूवर करतो. गोंधळ होतो तो इथे. प्रोग्राम उघडतो, एररही येत नाही, फक्त मॉडेल फिरवलं की मशीन धापा टाकतं, आणि माणूस समजतो की व्हीएमची कुवतच एवढी.

म्हणून माझी सुरुवात नेहमी ‘जीएलएक्सइन्फो -बी’ या कमांडने होते. त्यात ‘ओपनजीएल रेंडरर’ अशी ओळ असते, चित्र कोण काढतंय ते ती सांगते. त्याच्याकडे त्या ओळीत एलएलव्हीएमपाइप होतं. मग मशीनला जोडलेली कार्डं दाखवणारं ‘एलएसपीसीआय’ चालवलं, तर एनव्हिडियाचं कार्ड समोर दिसत होतं. कार्डाची हालत सांगणारं ‘एनव्हिडिया-एसएमआय’ मात्र सांगत होतं की ड्रायव्हरशी बोलता येत नाही. डीकेएमएस दर कर्नलसाठी ड्रायव्हर बांधून देतं; त्याच्या ‘डीकेएमएस स्टेटस’ने उलगडा केला. कर्नल (लिनक्सचा गाभा) आपोआप अपडेट झाला होता, नव्या कर्नलचे हेडर (ड्रायव्हर बांधायला लागणाऱ्या फाइली) नव्हते, त्यामुळे ड्रायव्हरचं मॉड्यूल नव्याने बांधलंच गेलं नव्हतं. हेडर टाकले, मॉड्यूल बांधलं, रीबूट केलं, आणि कार्ड बोलायला लागलं.

तरी एक्सऑर्ग, म्हणजे स्क्रीन उभी करणारा एक्सचा सर्व्हर, उठेना. लॉगमध्ये ‘नो स्क्रीन्स फाउंड’. ही चूक मी इतक्या जणांची पाहिली आहे की ती नीट सांगते. एलएसपीसीआय कार्डाचा पत्ता ००:१ई.० असा दाखवत होतं आणि त्याने कॉन्फिग फाइलमध्ये बसआयडीच्या जागी तेच १ई उतरवलं होतं. एलएसपीसीआय आकडे षोडशमान पद्धतीत देतं, एक्सऑर्गला ते दशमानात हवे असतात. १ई म्हणजे ३०. तिथे ‘पीसीआय:०:३०:०’ लिहायचं. एवढा बदल केला आणि एक्सऑर्ग उठलं.

यानंतर त्याने व्हीएनसीने (दूरच्या मशीनचा डेस्कटॉप दाखवणारं साधन) पुन्हा जोडून पाहिलं, तर रेंडररच्या ओळीत परत एलएलव्हीएमपाइप! तो हिरमुसला, पण यात बिघाड काहीच नव्हता. व्हीएनसी सहसा स्वतःचा वेगळा एक्स सर्व्हर चालवतो आणि त्याला कार्ड माहीत नसतं. त्यासाठी व्हर्च्युअलजीएल आहे. प्रोग्राम ‘व्हीजीएलरन’ लावून सुरू केला की थ्रीडीचे हुकूम मधल्यामध्ये उचलून कार्डाकडे दिले जातात आणि तयार झालेलं चित्र व्हीएनसीच्या खिडकीत आणून ठेवलं जातं. व्हर्च्युअलजीएलच्या ३.० आवृत्तीपासून ईजीएलची, म्हणजे कार्डापर्यंत थेट पोचणारी, वाट आहे, तिला कार्डावर एक्सऑर्ग चालवण्याची गरजच नसते. त्याच्याकडे जुनी आवृत्ती होती म्हणून बसआयडीचा खटाटोप करावा लागला. रात्री साडेअकराच्या सुमारास त्याने पुलाचं मॉडेल माउसने धरून फिरवलं आणि ते हाताबरोबर फिरलं.

आता नेटचा प्लॅन. १९२० बाय १०८० च्या एका फ्रेमचे, पिक्सेलला तीन बाइट धरले, तर सुमारे ६२ लाख बाइट होतात. सेकंदाला ३० फ्रेम कच्च्या पाठवायच्या तर दीड गिगाबिट लागेल. एवढं कोणीच पाठवत नाही. रिमोट ग्राफिक्सची सॉफ्टवेअर चित्र दाबून पाठवतात आणि बहुतेक जण फक्त बदललेला भाग पाठवतात. त्यामुळे ५० एमबीपीएसचा प्लॅन २०० चा केला तरी अडकणं बऱ्याचदा तसंच राहतं, कारण अडचण अंतराची असते. समुद्राखालच्या केबल वर्सोव्याला किनाऱ्याला लागतात, तिथून फ्रँकफर्ट सरळ रेषेतही साडेसहा हजार किलोमीटर आहे. काचेच्या तारेत प्रकाश सेकंदाला साधारण दोन लाख किलोमीटर जातो. जाऊन-येऊन किमान ६५ मिलिसेकंद झाले, आणि केबल काही सरळ रेषेत जात नाही. हे अंतर कुठल्याही प्लॅनने कमी होत नाही. ॲमेझॉनच्या क्लाउडचं मुंबई रीजन २०१६ पासून आहे. तुमची व्हीएम उगाच परदेशात उभी असेल तर ती इकडे आणा. आणि घरी वायफायऐवजी केबल लावून एकदा पिंग (निरोप जाऊन यायला लागणारा वेळ) बघा, आकडे वरखाली नाचायचे थांबतात.

एक्स फॉरवर्डिंगचा मुद्दा याच अंतराशी जोडलेला आहे. एक्सची सुरुवात १९८४ साली एमआयटीत झाली, एक्स११ आलं १९८७ मध्ये. एकाच इमारतीतल्या नेटवर्कवर ते छान चालतं. पण त्यात प्रोग्राम आणि तुमच्या टेबलावरचा एक्स सर्व्हर यांचे सारखे सवाल-जवाब चालतात. एक मेनू उघडायला एकामागून एक ४० फेऱ्या लागल्या असं धरा. ६५ मिलिसेकंदांच्या हिशोबाने अडीच सेकंदांहून जास्त गेले. थ्रीडीचं तर विचारूच नका. इनडायरेक्ट जीएलएक्सला, म्हणजे ओपनजीएलचे हुकूम एक्सच्या जोडणीवरून पाठवण्याला, आधुनिक ओपनजीएल पेलत नाही, आणि २०१५ च्या एक्सऑर्ग सर्व्हर १.१७ पासून ते मुळातच बंद ठेवलेलं असतं. एखादा छोटा एडिटर उघडायचा असेल तर मेसेजचं म्हणणं मला मान्य आहे. फक्त एसएसएचच्या ‘-एक्स’ने जोडल्यावर २० मिनिटांनी नवी खिडकी उघडेनाशी झाली तर घाबरू नका, ती एसएसएचने विश्वास नसलेल्या जोडणीला घातलेली मुदत आहे. डेबियन-उबुंटूवर हे सहसा दिसत नाही, कारण तिथे ‘-एक्स’ हे ‘-वाय’सारखंच, म्हणजे विश्वासाच्या जोडणीसारखं, वागतं.

काळ्या स्क्रीनबद्दल मला सगळ्यात जास्त बोलायचं आहे, कारण ‘वेलँड बंद करा’ हे अर्धं खरं आहे आणि त्यामुळेच ते पसरतं. जुनी साधनं एक्सची मूळ खिडकी टिपतात. वेलँडवर तिथे काही नसतं, म्हणून काळं दिसतं. हे बरोबर. पण रेड हॅट एंटरप्राइझ लिनक्सच्या २०२५ मध्ये आलेल्या १० व्या आवृत्तीत एक्सऑर्ग सर्व्हर काढूनच टाकला आहे. तिथे वेलँड बंद करून जाणार कुठे? शिवाय वेलँडचा संबंध नसतानाही स्क्रीन काळी होते. एक्सआरडीपीवर (डेस्कटॉप दाखवणारं आणखी एक साधन) तोच युजर कन्सोलवर, म्हणजे त्या मशीनच्या स्वतःच्या स्क्रीनवर, आधीच लॉगिन असेल तर होते. मॉनिटर जोडलेला नाही म्हणून कार्डाने स्क्रीनच उभी केली नसेल तरी होते.

आणि एक कारण असं की ते व्हीएममध्ये शोधून कधीच सापडणार नाही. जुलैतली गोष्ट. पाऊस कोसळत होता, लोकल ठप्प, आमची सगळी मंडळी घरून जोडलेली. सकाळी साडेदहापर्यंत सात जणांची तीच तक्रार: पासवर्ड घेतला जातो, मग काळी स्क्रीन आणि मधोमध माउसचा बाण. आदल्या दिवशी ऑफिसात याच मशीन व्यवस्थित चालल्या होत्या. एकाने तोवर मेसेजप्रमाणे वेलँड बंद करून पाहिलं होतं, फरक शून्य. साधं पिंग जात होतं. मग पाकीट (नेटवर्कवरून जाणारा माहितीचा तुकडा) तोडायला मनाई करून पिंग केलं: १३०० बाइटचं जातं, १४७२ चं जात नाही. व्हीपीएनमुळे (घरून ऑफिसात यायची बंदिस्त जोडणी) वाट अरुंद झाली होती, आणि ‘पाकीट मोठं आहे, लहान करा’ हा आयसीएमपीचा (नेटवर्कच्या अडचणी कळवणारी पद्धत) निरोप वाटेतली एक फायरवॉल गिळत होती. लॉगिनची पाकिटं लहान म्हणून निघून जात, चित्राची पहिलीच मोठी पाकिटं अडकत. व्हीपीएनच्या इंटरफेसचा एमटीयू, म्हणजे पाकिटाच्या मापाची मर्यादा, उतरवला आणि सातही जणांचे डेस्कटॉप दिसले. व्हीएममधली एकही फाइल बदलावी लागली नाही.

यावरून कोणी म्हणेल, बघा, फायरवॉलच काढायला हवी होती. अजिबात नाही. पाचव्या मुद्द्यावर मी कळकळीने सांगते, हे करू नका. व्हीएनसीच्या जुन्या पद्धतीत पासवर्डची पहिली आठच अक्षरं धरली जातात आणि पुढचं चित्र, तुम्ही दाबलेल्या कळा, सगळं उघड्यावर जातं. असं व्हीएनसीचं ५९०१ पोर्ट, म्हणजे जोडणीचं दार, इंटरनेटवर मोकळं सोडलं तर कोणीतरी दार वाजवणारच. एसएसएचचा बोगदा काढा, ५९०१ स्वतःच्या मशीनवर आणा आणि तिथून जोडा. एक्स सर्व्हर सगळ्यांना खुला करणारं ‘एक्सहोस्ट +’ तर त्याहून वाईट. एक्स सर्व्हरपर्यंत पोचणारा कोणीही तुमचं टायपिंग वाचू शकतो. ‘/डेव्ह/डीआरआय’ची, म्हणजे कार्ड वापरायची, परवानगी नाकारली जात असेल तर युजरला रेंडर किंवा व्हिडिओ ग्रुपमध्ये घाला, लॉगआउट करून परत या. त्यासाठी दार सताड उघडं टाकायची गरज नाही.

पुसून पुन्हा टाकण्याबद्दल एवढंच, की त्यात पुरावा जातो. एक्सऑर्गच्या लॉगमध्ये ‘ईई’ची खूण असलेल्या ओळी, मशीन सुरू झाल्यापासूनच्या नोंदी दाखवणारं ‘जर्नलसीटीएल -बी’, व्हीएनसीचा स्वतःचा लॉग, हे वाचायला दहा मिनिटं लागतात. पुन्हा टाकलेल्या मशीनवर कर्नल पुढच्या वेळी अपडेट झाला की तोच ड्रायव्हर तसाच तुटेल. व्हीएम आहे तर काही बदलण्याआधी स्नॅपशॉट (मशीनची आहे तशी साठवलेली प्रत) घ्या. ही सोय लॅमिंग्टन रोडच्या लॅपटॉपवर इतकी सहज मिळत नाही.

कल्याणच्या त्या मुलाच्या मशीनवर आम्ही हेडरचं जेनेरिक पॅकेज टाकून ठेवलं, म्हणजे कर्नलबरोबर हेडरही आपोआप येतात. गेल्या आठवड्यात कर्नल पुन्हा अपडेट झाला. त्याने सकाळी उठून स्क्रीनशॉट पाठवला, रेंडररच्या ओळीत कार्डाचं नाव होतं. खाली लिहिलं होतं, “बाबांनी अर्ज मागे घेतला.”