गहू कुणाच्या नावाचा?

आमच्या घरच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर 'लाडकी बहीण'वरून पुन्हा जुंपली आहे. मामांचं म्हणणं, महिना दीड हजारांनी लोक ऐतखाऊ होतात. मावशीचं म्हणणं, स्वतःच्या हातात पैसे असणं म्हणजे काय ते तुम्हाला कळायचं नाही. मी रोममध्ये राहतो, म्हणून शेवटी गाडी माझ्यावर येते: "तू तिथेच आहेस ना? फुकट खाऊन रोम बुडालं, सांग हिला."

मामा, तसं नाही हो ते. इ.स.पू. १२३ मध्ये गायस ग्राकस या लोकनेत्याने कायदा करून नागरिकांना ठरावीक स्वस्त दराने गहू द्यायला सुरुवात केली. इ.स.पू. ५८ मध्ये क्लोडियस या दुसऱ्या नेत्याने तो फुकट केला. पश्चिमेकडचं साम्राज्य कोसळलं ते इसवी सनाच्या पाचव्या शतकात. पाचशे वर्षांनी भिनणारं हे कसलं विष?

या कायद्याला कडाडून विरोध करणारा पिसो नावाचा एक बडा माणूस होता. गहूवाटप सुरू झाल्यावर तोच रांगेत दिसला. ग्राकसने सगळ्यांसमोर हटकलं, तर म्हणाला, माझी मालमत्ता तू वाटावीस हे मला पसंत नाही, पण वाटतोच आहेस तर माझा वाटा मी घेणार. (असे पिसो आमच्या ग्रुपवरही आहेत. नावं घेत नाही.)

बड्यांचा राग नुसता खर्चावर नव्हता, असं मला वाटतं. रोममधला गरीब माणूस भल्या पहाटे टोगा (रोमन नागरिकाचं अंगाभोवती गुंडाळायचं वस्त्र) नेसून कुणा श्रीमंताच्या दारात मुजऱ्याला उभा राहायचा. बदल्यात थोडे पैसे, जेवण, कोर्टकचेरीत वशिला. आणि निवडणुकीत साहेबांच्या मागेपुढे गर्दी करायची. आपल्याकडे वाड्यावर सकाळी कामं घेऊन बसलेली माणसं आठवा. उमेदवार कपडेही पांढरेशुभ्र घालायचे, टोग्याला खडू चोळून! कायद्याने मिळणाऱ्या गव्हासाठी मात्र कुणाच्या दारात ताटकळायची गरज नव्हती. दुखणं तिथे होतं.

पुढे रोमचा पहिला सम्राट ऑगस्टस आला. त्याने माणशी शेकडो सेस्टर्स (रोमन नाणी) रोख वाटले, एकेका वाटपात दोन लाखांहून जास्त लोकांना, आणि 'मी दिले, माझ्या पैशातून दिले' असं शिलालेखात कोरून ठेवायला लावलं. तो इ.स. १४ मध्ये गेला आणि त्याच वर्षी अधिकाऱ्यांची निवड लोकांच्या हातून काढून सिनेटकडे, म्हणजे बड्या लोकांच्या सभेकडे दिली गेली. रोमन इतिहासकार टॅसिटस लिहितो की लोक जरा कुरकुरले, बस्स. मत गेलं, गहू चालू राहिला.

म्हणून दीड हजार जास्त की कमी, या भांडणात मी पडत नाही. शिध्याच्या पिशवीवर फोटो कुणाचा आणि हप्ता कुणा 'भावा'ने दिला म्हणून सांगतात, याकडे माझं लक्ष असतं. पैसा सरकारी तिजोरीतला आणि ओवाळणी भाऊरायाची, हे मला खटकतं.

इथे माझ्या गल्लीतल्या गटाराच्या झाकणावर आजही 'एस.पी.क्यू.आर.' अशी अक्षरं आहेत: रोमची सिनेट आणि रोमचे लोक. नगरसेवकाचं नाव नाही, सौजन्य नाही. काल फोटो काढून ग्रुपवर टाकला. मामा गप्प. मावशीचं उत्तर लगेच आलं: "आमच्या गल्लीत झाकणच नाही रे, नाव कशावर घालतील?"